सुरवंट रंगवायला देऊ नका, चित्रकाराची युक्ती उचला

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी नऊ-दहा पोरं जमतात, वय चार ते नऊ, कधी कुणाकडे राहायला आलेलं एखादं मावसभावंडही असतं, आणि आम्ही एक चित्रांचं पुस्तक वाचतो आणि मग त्यावरून हातानं काहीतरी करतो. मी चित्रकलेची बाई वगैरे नाही, शाळेत एलिमेंटरीची परीक्षा सी ग्रेडमध्ये कशीबशी सुटले होते. पण चार वर्षं हे करून करून काय जमतं आणि काय फसतं ते कळलंय, आणि घरी कसं करायचं हे इतक्या जणी विचारतात की म्हटलं एकदाच सगळं टाईप करून ठेवू.

आधी माझी चूक सांगते म्हणजे तुमचा एक रविवार वाचेल. पहिल्याच वेळी मी एरिक कार्लचं ते खादाड सुरवंटाचं पुस्तक घेतलं, १९६९ सालचं, जगभर पोरांना पाठ असलेलं. वाचून झालं आणि मी मोठ्या हौशीनं सुरवंटाच्या आउटलाइनच्या प्रिंटा वाटल्या, रंगवा म्हटलं. वीस मिनिटांत नऊ हिरवे सुरवंट तयार, सगळे सारखे, आणि एकीनं जांभळा केला होता तर ती चित्र उलटं ठेवून बसली होती, तिला वाटलं आपलं चुकलं. घरी जाताना अर्धे कागद हॉलमध्येच पडलेले. म्हणजे पोरांना त्यांचंही काही वाटलं नव्हतं.

तेव्हापासून नियम एकच ठेवला. पुस्तकातलं चित्र बघून तसंच काढायचं नाही, ते चित्र ज्यानं केलं त्यानं ते कसं केलं हे शोधायचं आणि ती युक्ती उचलून आपलं भलतंच काहीतरी करायचं. चित्र त्याचं राहू दे, युक्ती आपली. खाली जे जे सांगतेय ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

वाचायचं कसं

पुस्तक दोनदा वाचायचं. पहिल्यांदा नुसती गोष्ट, मधे मधे "हे काय आहे सांग पाहू, याचा रंग कोणता" असली परीक्षा घ्यायची नाही, पोरं वैतागतात आणि गोष्टही मरते. दुसऱ्यांदा मात्र मजकूर सोडून द्यायचा आणि नुसती चित्रं बघायची, आणि प्रश्न एकच विचारायचा, "हे कशानं केलं असेल?" काय आहे हे विचारलं की उत्तर एका शब्दात येतं, कशानं केलं म्हटलं की पोरं नाक पानाला लावून बघायला लागतात. हे कापलंय की फाडलंय? फाडलेल्या कागदाला पांढरी केसाळ कड असते, कापलेल्याला नसते, हे एकदा दाखवलं की पुढच्या प्रत्येक पुस्तकात स्वतःच शोधत बसतात. हा ब्रशचा फटकारा आहे की बोटाचा? इथे पेन्सिल खाली दिसतेय का? हे छापलंय का? आमच्याकडे एक सहा वर्षांचा डिटेक्टिव्ह आहे, तो भिंग घेऊन येतो.

बघायचं काम झालं की पुस्तक उचलून कपाटावर, मगच रंगाच्या बाटल्या बाहेर. हा क्रम चुकवू नका, लायब्ररीचं पुस्तक असेल तर अजिबातच नाही, मी एकदा दंड भरलाय.

कार्लआजोबांचे रंगीत कागद (दोन रविवार लागतात)

आमची पोरं त्यांना कार्लआजोबा म्हणतात. त्यांची पद्धत अशी की पांढऱ्या पातळ टिश्यू पेपरवर अॅक्रिलिक रंग द्यायचे, ब्रशनं, बोटांनी, स्पंजनं, गालिच्याच्या तुकड्यानंसुद्धा, आणि कागद वाळले की रंगांप्रमाणे लावून खणांत ठेवून द्यायचे. सुरवंट करायची वेळ आली की हिरव्यांच्या खणातून कागद काढायचा, कापायचा, चिकटवायचा. म्हणजे रंगवणं वेगळं आणि चित्र करणं वेगळं. पोरांसाठी हे सोन्यासारखं आहे कारण रंगवताना "काय काढू" हा धसकाच नसतो, नुसतं रंगवायचं.

पहिल्या रविवारी फक्त कागद तयार करायचे. टिश्यू पेपरच्या नादाला लागू नका. मी पतंगाचा कागद आणला होता, ओला झाल्यावर हातात लगदा आला आणि त्याचाच रंग सुटून पोरांची बोटं गुलाबी. एका बाजूनं कोरे असलेले झेरॉक्सचे कागद मस्त चालतात, कुठल्याही ऑफिसात गठ्ठ्यानं मिळतात. रंग साधे पोस्टर कलर. किती पातळ, तर दह्यासारखा घट्ट नको, ताकासारखा पाणीदार नको, लस्सीइतका हवा. घट्ट झाला की वाळल्यावर पापुद्रे सुटतात, पातळ झाला की कागद सुरकुततो.

एका कागदाला एकच रंग आणि फार तर त्याचा एक शेजारी, म्हणजे पिवळ्यावर केशरी चालेल, निळ्यावर हिरवा चालेल, पण लाल हिरवा निळा सगळे एकाच कागदावर आले की दोन मिनिटांत शेणाचा रंग होतो आणि पोरगं रडतं. हा नियम मी फळ्यावर लिहूनच ठेवते. मग रंग ओला असतानाच त्यावर काय काय फिरवायचं ते समोर ठेवायचं: जुना कंगवा, काटा चमचा, भांडी घासायचा स्पंज, बबल रॅप, सुतळी गुंडाळलेला पुठ्ठा, नारळाची शेंडी. कंगवा ओल्या रंगातून ओढला की खालचा पांढरा कागद रेघांरेघांनी वर येतो, हे पहिल्यांदा दिसलं की हॉलमध्ये जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो. प्रत्येकानं पाच कागद करायचे. कुणी फुलपाखरू काढायला लागलं तर प्रेमानं थांबवायचं, ते पुढच्या रविवारी.

वाळवायला दोरी आणि कपड्यांचे चिमटे. वाळलेले कागद पापडासारखे वळतात, त्यांना रात्रभर गादीखाली घालायचं, सकाळी सपाट.

दुसऱ्या रविवारी सगळ्यांचे कागद एकत्र करून रंगांप्रमाणे गठ्ठे लावायचे, आणि आता कुणीही कुणाचाही कागद घ्यायचा. इथे थोडी भांडणं होतात, "तो माझा होता" वगैरे, होऊ द्यावीत. मोठी पोरं कात्रीनं कापतात, चार-पाच वर्षांच्यांना पट्ट्या कापून द्यायच्या, ती तुकडे फाडतात. आधी सगळे तुकडे गोंद न लावता मांडून बघायचे, सरकवायचे, उलटे करायचे. ही दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या, चित्र इथेच होतं, चिकटवणं ही नुसती मजुरी आहे.

गोंदासाठी मी खळ करते, आजी पतंगांसाठी करायची तशीच. अर्धी वाटी मैदा, दोन वाट्या पाणी, आधी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, उरलेलं पाणी गरम करून त्यात ओतायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन काचेसारखी चकाकी आली की बंद. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. पूर्वी किडा लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे, ते विषारी आहे, पोरांच्या खळीत चुकूनही नको. फेविकॉल चालतोच की, पण पोरं त्यात बोटं बुडवून वाळवून सोलत बसतात आणि काम राहतं बाजूला.

आणि विषय? सुरवंट सोडून काहीही. पुस्तकात तो सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन पेअर, असं वाढत वाढत शुक्रवारी पाच संत्री, आणि शनिवारी मिळेल ते सगळं हादडतो. आम्ही विचारलं, आपल्याकडे कोण असं खाईल? एकानं गणपतीचा उंदीर केला, तो सोमवारी एक मोदक खातो आणि रविवारी एकवीस. एकीनं पाल केली जी ट्यूबलाइटभोवतीचे किडे खाते, सोमवारी एक, मंगळवारी दोन. पालीचं शेपूट कंगव्याच्या रेघांच्या कागदातून कापलं होतं, इतकं खरं दिसत होतं की तिची आई दचकली.

खाल्लेल्या जागी भोकं पाडायचीच, ती तर खरी गंमत. कार्लना हे पुस्तक सुचलंच मुळी पंचिंग मशीननं कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडताना, आधी तो सुरवंट नव्हता, पुस्तकं पोखरणारा किडा होता, संपादिकेनं सुरवंट सुचवला. आणि भोकांमुळे अमेरिकेत छापणं परवडेना म्हणून पहिली आवृत्ती जपानमध्ये छापून घेतली. पोरांना ही भोकांची गोष्ट पुस्तकाच्या गोष्टीइतकीच आवडते. आपल्याकडचं साधं पंचिंग मशीन कागदाच्या कडेपासून फार आत पोचत नाही, तेव्हा मधे भोक हवं असेल तर खाली मोठं खोडरबर ठेवून टोकदार पेन्सिल दाबून फिरवायची. हे मोठ्यांनी करायचं.

कात्रीला सुट्टी

लिओ लिओनी नावाचे एक चित्रकार होते. नातवंडांना घेऊन न्यूयॉर्कहून ट्रेननं घरी चालले होते, पोरांचा दंगा सुरू झाला, मग त्यांनी जवळच्या लाइफ मासिकाची रंगीत पानं फाडून गोल गोल तुकडे केले आणि बॅगेवर मांडून गोष्ट सांगायला सुरुवात केली, एक निळा एक पिवळा, दोघे मित्र. त्याचंच १९५९ साली पुस्तक झालं. त्यात ना नाक ना डोळे, नुसते फाडलेले ठिपके, आणि तरी पोरं म्हणतात "तो बघ तो रडतोय".

तर इथे कात्री कपाटात. घोटीव कागद आणा, शाळेत हस्तकलेला आणायचो तोच, मागची बाजू पांढरी असते म्हणून फाडला की सुंदर पांढरी कड येते. फाडणं हे शिकवावं लागतं हं, पोरं दोन टोकं धरून खस्सकन ओढतात. दोन्ही हातांच्या चिमटी एकमेकींना चिकटवून ठेवायच्या आणि मुंगीच्या पावलांनी पुढे जायचं. सरावाला रद्दीचा पेपर द्या, तो एका दिशेला सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेला वाकडातिकडा, का ते पोरांना शोधू द्या, कागदाचे धागे कुठल्या दिशेनं आहेत त्यावर असतं ते.

मग काम एकच सांगायचं: आपल्या घरातली माणसं नुसत्या फाडलेल्या ठिपक्यांनी मांडा, कोण कुठला रंग, केवढा, कुणाच्या शेजारी. तोंड काढायचं नाही. यात जे बाहेर येतं ना ते कुठल्याही चित्रात येत नाही. एकीनं आजी म्हणून भलामोठा केशरी तुकडा ठेवला आणि त्याच्या पोटात छोटा पांढरा चिकटवला, "ही मी, आजीच्या मांडीवर". एकानं बाबांना कागदाच्या अगदी कोपऱ्यात करडा तुकडा ठेवला, का रे, तर "ते फोनवर आहेत". बाबा न्यायला आले होते, त्यांनी ते ऐकलं, मी चहा आणायला गेले. असं काही निघालं तर त्यावर भाषण देऊ नका, पोरालाही आणि बाबालाही.

त्या पुस्तकात निळा आणि पिवळा एकमेकांना मिठी मारतात आणि हिरवे होतात. हे करून बघायचंच असतं सगळ्यांना. पण रंग कुठले ते बघून घ्या, पोस्टर कलरच्या डब्यात दोन निळे येतात, अल्ट्रामरिन आणि प्रशियन. अल्ट्रामरिननं मळकट शेवाळी हिरवा येतो आणि पोरं म्हणतात खोटं आहे. प्रशियन ब्लूचा अगदी टिपका आणि भरपूर लेमन यलो, मग झकास पोपटी होतो. निळा नेहमी पिवळ्यात घालायचा, पिवळा निळ्यात नाही, नाहीतर अख्खी बाटली संपते. लहानांसाठी झिपलॉकच्या पिशवीत दोन्ही रंगांचा एकेक चमचा घालून, हवा काढून, तोंड चिकटपट्टीनं बंद करून द्या, बाहेरून मळत बसतात, कपडे स्वच्छ.

जमलं तर याच दिवशी हळद पण करा. हळदीच्या पाण्यानं कागद पिवळा रंगवायचा, वाळला की कपड्याच्या साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून त्यावर चित्र काढायचं, रेघ तांबडी उमटते. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं त्याचीच ही धाकटी बहीण. चुना मात्र नको, डोळ्यात गेला तर फार लागतो. आणि जुने कपडे घाला, हळद हळद आहे.

बर्फ आपल्याकडे कुठला, पाऊस करा

एझरा जॅक कीट्सचं बर्फाच्या दिवसाचं पुस्तक १९६२ चं, त्याला पुढच्या वर्षी अमेरिकेतलं चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. लाल कपड्यातला छोटा कृष्णवर्णीय मुलगा बर्फात खेळतो, एवढंच. त्यातली कारागिरी बघा. उडणारे बर्फाचे कण खोडरबरातून कोरलेल्या ठशांनी छापलेत, एका पानाच्या मागचा करडा रंग टूथब्रशनं शाई उडवून केलाय, आणि आईचा ड्रेस म्हणजे कपाटाच्या खणात घालतात तसल्या ऑइलक्लॉथचा तुकडा. हे सांगितलं की पोरं लगेच म्हणतात, आमच्या ओट्याखालच्या खणात पण तसला फुलाफुलांचा प्लास्टिकचा कागद आहे! आहेच की. तोच कापायचा.

कापूस चिकटवून बर्फ करायला निघतात लोक, नका करू. जे पोरांनी बघितलंय ते करू द्या. आम्ही जून-जुलैत पाऊस करतो. आधी जाड कागदावर छत्रीच्या आकाराचा एक सुटा कागद ठेवायचा, छत्रीखाली माणसाच्या आकाराचा दुसरा. नुसते ठेवायचे, चिकटवायचे नाहीत, वर दोन-चार खडे ठेवा म्हणजे हलणार नाहीत. जुना टूथब्रश पातळ काळ्यानिळ्या रंगात बुडवायचा, जास्तीचा रंग झटकून टाकायचा (हे विसरलं की थेंब नाही, डबकं पडतं), ब्रशचे केस वरच्या बाजूला ठेवून कागदावर धरायचा आणि आइस्क्रीमची काडी केसांवरून आपल्याकडे ओढायची. शिंतोडे पुढे उडतात. दुसरीकडे ढकलली की तोंडावर. प्रत्येक बॅचमध्ये एकजण करतोच.

दहा मिनिटं वाळू द्यायचं आणि मग छत्री उचलायची. सगळीकडे पाऊस आणि छत्रीएवढी जागा कोरडी. मग त्या कोऱ्या जागेत चिंध्या, दुधाच्या पिशवीचा रेनकोट, खणातला कागद, काय हवं ते चिकटवा. शिंप्याकडे मागितली तर कातरणं पिशवीभर मिळतात, फक्त नायलॉनचं कापड खळीनं चिकटत नाही, सुती निवडून घ्या.

ठशांचं सगळ्यांना माहीत आहे, भेंडी कांदा बटाटा, म्हणून लांबण लावत नाही. दोनच गोष्टी. कापलेली भाजी आधी रद्दीवर पालथी घालून दहा मिनिटं कोरडी करा, नाहीतर ठसा घसरतो, आणि रंग ताटलीत ओतू नका, ओल्या स्पंजवर पसरून त्यावर भाजी टेकवा. आणि हो, भेंडीचा ठसा म्हणजे फूल हे इतकं ठरून गेलंय की मी फुलांवर बंदीच घातली. मग भेंडीची चाकं झाली, घुबडाचे डोळे झाले, एकीनं गर्दी केली, लोकलमधली, सगळी डोकी भेंडीची.

काळ्या कागदावर झाड

चेन्नईच्या तारा बुक्सनं २००६ मध्ये झाडांच्या रात्रीवर एक पुस्तक काढलं, भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या तीन गोंड चित्रकारांचं, काळ्या हातकागदावर हातानं स्क्रीन प्रिंट केलेलं. कुणाकडे असेल तर मागून आणा, पानं उलटताना रंगाचा वास येतो आणि बोटाला छपाई लागते. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे जनगढसिंग श्याम यांच्यापासून ही कागदावरची गोंड चित्रं पुढे आली, आणि त्यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक चित्रकाराचा भरणीचा नमुना स्वतःचा असतो. कुणाचे ठिपके, कुणाच्या तुटक रेघा, कुणाच्या साखळ्या. जाणकार लोक सही न बघता नमुन्यावरून ओळखतात.

हीच युक्ती उचलायची. "गोंड चित्र काढा" असं पोरांना सांगू नका, ते त्यांचं आहे, त्यामागे त्यांची झाडं आणि देव आहेत, आपण दोन तासांत ते करू शकत नाही. आपण म्हणायचं, तुझा स्वतःचा नमुना शोध. पहिली वीस मिनिटं घरभर किंवा हॉलभर हिंडून नमुना शोधायचा. चटईची वीण, शेवया, तांदळाचे दाणे, चेन, बांगड्यांचा स्टँड, खिडकीची जाळी. तळहाताएवढ्या चौकोनात तो काढून बघायचा, पुन्हा पुन्हा, हाताला बसेपर्यंत. एका मुलानं बाबांच्या बाइकच्या टायरची नक्षी घेतली, तीन वर्षं झाली, अजून प्रत्येक चित्रात टायर.

मग काळं कार्डशीट, त्यावर पांढऱ्या पेन्सिलीनं झाडाची मोठ्ठी बाह्यरेषा, कागद पुरला नाही पाहिजे इतकी मोठी, आणि आतलं सगळं आपल्या नमुन्यानं भरायचं. पांढरं जेल पेन छान पण महाग पडतं आणि पोरं दाबून त्याचा गोळा काढतात. काडेपेटीच्या काडीची गुल नसलेली बाजू पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये बुडवून ठिपके द्या, तेच बरं. हे काम सावकाश चालतं, चारच्या पोराला झेपत नाही, सहाच्या पुढे ठेवा. एका बैठकीत संपलं नाही तर नाही.

वारली मी घेत नाही. वाईट म्हणून नाही, जिव्या सोमा मशेंची चित्रं बघत मी तासभर बसू शकते, पण शाळेच्या कंपाउंडपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत इतकी वारली झालीये की पोरं न बघताच दोन त्रिकोण जोडून मोकळी होतात.

घरातला कोपरा

माधुरी पुरंदरेंचं राधाचं घर आमच्याकडे सगळ्यांनी वाचलेलं आहे, ज्योत्स्ना प्रकाशनचं. त्यातली युक्ती रंगात नाही, बघण्यात आहे. घर म्हणजे दोन डोंगर आणि मधे कौलारू झोपडी असं नाही, घर म्हणजे आपली घरची माणसं, त्यांची बसायची पद्धत, त्यांच्या रोजच्या वस्तू. तर पोरांना गृहपाठ द्यायचा: घरातला एक कोपरा निवड, पेन्सिल घे, खोडरबर नाही, पंधरा मिनिटं समोर बसून काढ. आणि सहसा कुणी काढत नाही अशा पाच गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत. चार्जरची वायर, गॅसचा लायटर, दारामागे लटकवलेल्या पिशव्यांतल्या पिशव्या, टीव्हीवरची धूळ. ही धूळ एकानं ठिपके ठिपके देऊन काढली होती, त्याच्या आईनं मला मेसेज केला, पुढच्या वेळी आधी सांगत जा.

एका कागदाचं पुस्तक

हे सगळं जमलं की शेवटी पोरांना स्वतःचं पुस्तक हवं असतं. ए फोरचा एक कागद, एक काप, ना गोंद ना स्टेपल, आठ पानं.

कागद लांबीच्या बाजूनं मधोमध दुमडा, म्हणजे लांब पट्टी होईल, आणि उघडा. आता आडव्या बाजूनं मधोमध दुमडा, आणि अजून एकदा मधोमध. उघडलं की आठ चौकटी दिसतील, चार वर चार खाली. घड्या नखानं कडक करा, निम्मे घोळ इथेच होतात. पुन्हा आडवा एकदाच मधोमध दुमडा. आता बंद घडीच्या बाजूनं कात्री लावून मधल्या रेघेवर कापत पुढच्या पहिल्या घडीपर्यंत यायचं आणि थांबायचं. उघडल्यावर कागदाच्या पोटात एक चीर दिसेल, कडा सगळ्या शाबूत. कडेपर्यंत कापलं गेलं तर नवा कागद घ्या, चिकटपट्टीनं जोडू नका, ते नीट बसतच नाही. आता सुरुवातीसारखा लांब दुमडा, चीर वरच्या बाजूला येईल, दोन्ही टोकं धरून एकमेकांकडे ढकला. चीर उघडून आधी शंकरपाळ्यासारखी होते, मग अधिकचं चिन्ह होतं, ते एका बाजूला गुंडाळलं की पुस्तक.

पुस्तक दुमडून झाल्यावरच त्यात काढायचं. उघड्या कागदावर काढलं तर निम्मी पानं उलटी येतात, मी स्वतः केलंय. आतली चित्रं वर सांगितलेल्या कुठल्याही युक्तीनं, रंगीत कागदांचे उरलेले तुकडे इथे संपतात. गोष्ट सुचत नसेल तर एका पानावर एकच प्रश्न आणि उलटल्यावर उत्तर, एवढ्यानंही चालतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगायचं, आपण त्यांच्याच शब्दांत लिहायचं, "अंडी घातली" ला "घातलीत" म्हणाली असेल तर घातलीतच.

बारीकसारीक

दीड तासाच्या वर नेऊ नका, त्यातली पंचवीस मिनिटं वाचन आणि चित्रं बघणं, शेवटची वीस आवराआवर, ब्रश पोरांनीच धुवायचे. आई-बाबांना बाहेर बसवा, आत असले की हात शिवशिवतात आणि पोराच्या हातातली कात्री काढून घेतात. पोरानं चित्र दाखवलं की "हे काय आहे" विचारू नका आणि नुसतं "छान" पण म्हणू नका, जे दिसतंय ते म्हणा, "इथे तू कंगवा आडवा फिरवलास ना", मग बघा किती बोलतं ते.

पुस्तकं विकत घेत बसायची गरज नाही. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट २०१५ पासून आहे, मराठीत ढीगभर चित्रपुस्तकं फुकट, आणि परवाना मोकळा असल्यामुळे प्रिंट काढून कापलीत तरी कुणी काही म्हणत नाही, फक्त लेखक-चित्रकाराचं नाव ठेवायचं. मोबाइलवर दाखवू नका हं, दहा पोरांना सहा इंचात "कशानं केलं असेल" दिसत नाही, टीव्हीला जोडा नाहीतर प्रिंट काढा.

पोरांनी केलेली पुस्तकं आम्ही बुटाच्या खोक्यात उभी लावून ठेवलीत, वर "लायब्ररी" लिहिलंय आणि शेजारी एक शंभरपानी वही आहे, कोण कुणाचं पुस्तक घरी घेऊन गेलं ते लिहायला. सध्या सगळ्यात जास्त मागणी पालीच्या पुस्तकाला आहे, आणि ते तीन आठवडे झाले परत आलेलं नाही.